स्क्रीनवर ९२, कापून आलं ८६! लेसरला आणि प्लॉटरला फाईल नेमकी कशी द्यायची?

अंबडचा_पॅनेलवाला

नमस्कार मंडळी,

अंबडला आमचं छोटं युनिट आहे. पंपांचे कंट्रोल पॅनेल बनवतो. गिऱ्हाईक बहुतेक निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचे द्राक्षबागायतदार. यंदा ठरवलं की दारावर पांढऱ्या ॲक्रिलिकची प्लेट लावायची आणि त्यावर सगळं मराठीत कोरायचं: चालू, बंद, ट्रिप, विहीर कोरडी. रात्री उशिरा वीज येते, शेतकरी बॅटरीच्या उजेडात पॅनेलपाशी उभा राहतो. त्याला आपल्या भाषेत दिसायला हवं, एवढाच हेतू.

प्लेट ३०० बाय २०० मिमी, जाडी ३ मिमी. वर दोन मीटरसाठी ९२ बाय ९२ चे चौकोन. खाली दिवे आणि पुशबटणांसाठी २२.५ ची चार भोकं, एकमेकांपासून ६० मिमीवर. ड्रॉइंग मी ऑटोकॅडमध्ये काढलं. अक्षरांसाठी आमच्याकडच्या मुलाने त्याचा डीएक्सएफ (ड्रॉइंग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याची फाईल) इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला, मजकूर टाकला, एसव्हीजी (इंकस्केपची रेषाचित्राची फाईल) सेव्ह केली आणि पेनड्राइव्हवरून सातपूरच्या एका लेसरवाल्याकडे दिली.

४० प्लेट कापून आल्या. मीटर बसेना. व्हर्निअर लावला तर ९२ च्या जागी ८६.४५. भोक २२.५ च्या जागी २१.३. प्लेटची लांबी ३०० ऐवजी २८१.०५. आठ बाय चारची अख्खी शीट गेली.

आमच्या कॉम्प्युटरवर तीच फाईल उघडली की चौकोन बरोबर ९२ दिसतो, मी स्वतः तीनदा बघितलं. लेसरवाला म्हणतो, फाईलमध्ये जे आलं तेच कापलं. तो खोटं बोलणारा माणूस नाही, पाच वर्षांचा व्यवहार आहे. मग हे झालं कसं? आणि पुढच्या वेळी फाईल द्यायची कशी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

पंचवटीकर

इंच-मिलिमीटरचा घोळ असणार. आमच्याकडे दर महिन्याला एक तरी फाईल अशी येते.

मोजपट्टी

@पंचवटीकर, इंचाचा घोळ असता तर २५.४ पटीचा फरक पडला असता. ९२ मिमीचा चौकोन साडेतीन मिमीचा झाला असता, नाहीतर दाराएवढा. हा फरक सहा टक्क्यांच्या आसपास आहे. कारण दुसरं काहीतरी आहे.

सई_त्र्यंबकरोड

मी आर्किटेक्ट आहे. प्लॉट काढताना आमच्याकडे असाच त्रास होतो. ए१ चा नकाशा पीडीएफ करून पाठवला आणि दुकानातल्या माणसाने 'कागदात बसवा' हा पर्याय ठेवला, की सगळा नकाशा दोन-चार टक्क्यांनी बारीक होतो. १:१०० लिहिलेल्या नकाशावर पट्टी ठेवली की खोली लहान निघते. त्यामुळे आम्ही प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात मोजपट्टी काढतो आणि 'खरं माप, १०० टक्के' असं दुकानदाराला लिहून देतो. तुमच्याकडेही कोणीतरी 'बसवा' दाबलं असेल का?

अंबडचा_पॅनेलवाला

सईताई, विचारलं. त्याच्याकडे फाईल सरळ इम्पोर्ट होते, बसवण्याचा प्रश्न येत नाही. एक गोष्ट आता आठवली. त्याचा कारागीर प्लेट देताना म्हणाला होता, "शेठ, अंदाजापेक्षा शीट बरीच उरली." तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

सिन्नरचा_लेसरवाला

मला स्केलचा प्रश्न वाटत नाही. तुमचेच आकडे भागून बघा. ८६.४५ भागिले ९२ म्हणजे ०.९३९७. २१.३ भागिले २२.५ म्हणजे ०.९४६७. २८१.०५ भागिले ३०० म्हणजे ०.९३६८. तिन्ही वेगळे. स्केल बिघडलं असतं तर सगळीकडे एकच गुणोत्तर यायला हवं होतं. मशीनचा पट्टा सैल असू शकतो.

मोजपट्टी

@सिन्नरचा_लेसरवाला, इथे कर्फ विसरून चालणार नाही. किरण स्वतः काही रुंदी खातो, तोच कर्फ. ॲक्रिलिकवर साधारण ०.२ मिमी धरू. किरण रेषेच्या मधोमध चालला तर आतलं भोक ०.२ ने मोठं होतं आणि बाहेरची प्लेट ०.२ ने लहान होते. ते वजा करून पाहा:

८६.४५ मधून ०.२ काढले, ८६.२५. २१.३ मधून काढले, २१.१. २८१.०५ मध्ये मिळवले, २८१.२५.

आता भागा. ८६.२५ ला ९२ ने भागलं की ०.९३७५. २८१.२५ ला ३०० ने भागलं तरी ०.९३७५. छोटं भोकही व्हर्निअरच्या चुकीइतकं सोडलं तर तिथेच येतं.

@अंबडचा_पॅनेलवाला, एक माप घ्या, म्हणजे कर्फचा प्रश्नच उरणार नाही. शेजारच्या दोन भोकांमधलं केंद्रापासून केंद्राचं अंतर. केंद्र सापडत नाही म्हणून घाबरू नका. पहिल्या भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही भोकं सारखी असली की तेच केंद्रांतर. कर्फ कितीही असो, ते बदलत नाही.

अंबडचा_पॅनेलवाला

आत्ता चार प्लेट मोजल्या. ५६.२५, ५६.२५, ५६.२०, ५६.२५. यायला हवे होते ६०.

मोजपट्टी

५६.२५ भागिले ६०, ०.९३७५. म्हणजे ९० भागिले ९६. आता मला कारण जवळजवळ दिसतंय. तुमच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर इंकस्केपची कुठली आवृत्ती आहे? आणि ती एसव्हीजी नोटपॅडमध्ये उघडून सुरुवातीच्या ओळींत रुंदी काय लिहिली आहे ते इथे टाका.

द्राक्षबाग_निफाड

विषय सोडून लिहितोय, माफ करा. पण पॅनेलवर मराठी अक्षरं हे फार मोठं काम करताय तुम्ही. आमच्या शेडवर जुना पॅनेल आहे, त्यावर वडिलांनी लाल ऑइलपेंटने 'मोटार' आणि 'बंद' लिहिलंय, कारण बटणांवरचं त्यांना वाचता येत नाही. तयार झाले की मला दोन हवेत.

अंबडचा_पॅनेलवाला

@द्राक्षबाग_निफाड, नक्की देतो. वडिलांना नमस्कार सांगा.

@मोजपट्टी, इंकस्केप ०.९१ आहे. कॉम्प्युटर जुना, मुलाने कधी अपडेटच केलं नाही. फाईलमध्ये रुंदी लिहिली आहे १०६२.९९२ आणि उंची ७०८.६६१. पुढे मिमी वगैरे काहीच नाही, नुसता आकडा.

मोजपट्टी

सापडलं.

एसव्हीजीमध्ये नुसता आकडा लिहिला असेल तर तो पिक्सेल समजला जातो. एका इंचात किती पिक्सेल, हे जुन्या इंकस्केपने ९० धरलं होतं. २०१७ साली ०.९२ आवृत्ती आली तेव्हा त्यांनी ते ९६ केलं, कारण वेबचं मानक ९६ आहे.

आता तुमचा आकडा घ्या. १०६२.९९२ ला ९० ने भागा, ११.८११ इंच, म्हणजे बरोबर ३०० मिमी. तुमच्या स्क्रीनवर ते ३०० आणि ९२ दिसतं ते म्हणूनच. तोच आकडा लेसरवाल्याच्या नव्या सॉफ्टवेअरने ९६ ने भागला, ११.०७३ इंच, म्हणजे २८१.२५ मिमी. तुम्ही खरं बोलत होता आणि तोही खरं बोलत होता. फाईलमध्ये माप नव्हतंच, फक्त आकडा होता, आणि दोघांनी तो आपापल्या पद्धतीने वाचला.

उपाय साधा आहे. इंकस्केप नवीन घ्या. ही जुनी फाईल त्यात उघडताना ते विचारेल की ही खऱ्या मापाची आहे का, तेव्हा नीट वाचून उत्तर द्या. कागदपत्राच्या मांडणीत एकक मिमी करा, म्हणजे रुंदी '३०० मिमी' अशी एककासकट लिहिली जाईल. काही लेसर सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीजी घेताना ७२, ९० की ९६ हे निवडायची सोय असते, तीही लेसरवाल्याला बघायला सांगा. ७२ चा घोळ इलस्ट्रेटरकडून आलेल्या फाईलमध्ये होतो. तिथे वस्तू बरोबर पाऊण पट होते.

सिन्नरचा_लेसरवाला

मान गए, मोजपट्टी! मी पट्टा सैल म्हणालो ते मागे घेतो. कर्फ वजा करून गुणोत्तर काढायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि दिवसभर मी कर्फबरोबरच काम करतो.

शिकाऊ_२३

वाचनखूण साठवली. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मग एसव्हीजी द्यायचीच कशाला, डीएक्सएफ दिलेला बरा नाही का? त्यात तरी माप असतं ना?

सिन्नरचा_लेसरवाला

@शिकाऊ_२३, माळेगाव एमआयडीसीत माझं फायबर लेसर आहे, पत्रा कापतो. त्या अनुभवावरून सांगतो.

डीएक्सएफ १९८२ साली ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आला, कारण एका सॉफ्टवेअरचं ड्रॉइंग दुसऱ्यात जावं अशी गरज होती. साधी अक्षरांची फाईल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. त्यात इन्सयुनिट्स नावाची नोंद शोधा. तिच्या खाली ७० आणि त्याखाली एक आकडा असतो. ४ असेल तर मिमी, १ असेल तर इंच, ० असेल तर एककच दिलेलं नाही. ० वाली फाईल आली की मी फोन करतो.

पण गंमत पुढे आहे. आमच्यासारखे पुष्कळ जण आर१२ मध्ये डीएक्सएफ मागतात. आर१२ ही ऑटोकॅडची १९९२ ची आवृत्ती. ती का मागतात, तर तिच्यात स्प्लाइन (मोकळा वक्र) आणि लंबवर्तुळ हे प्रकारच नाहीत. रेषा, कंस, वर्तुळ, पॉलीलाइन (जोडलेल्या तुकड्यांची सलग रेषा) एवढंच. जुन्यातल्या जुन्या मशीनलाही ते कळतं. मात्र इन्सयुनिट्सची नोंद ऑटोकॅड २००० पासून आली, आर१२ मध्ये ती नसतेच. म्हणजे सगळ्यात सुरक्षित समजली जाणारी फाईल एककाच्या बाबतीत मुकी असते. त्यामुळे डीएक्सएफबरोबर मापं टाकलेली पीडीएफ द्यायचीच. मशीन डीएक्सएफ वाचतं, ऑपरेटर पीडीएफ वाचतो.

माझ्याकडे येणाऱ्या फाईलींत काय काय निघतं तेही लिहितो, कारण कोणी सांगत नाही आणि आम्ही रात्री बसून साफ करतो. टायटल ब्लॉक. मापांच्या रेषा आणि बाण. हॅच. मध्यरेषा, ज्या मशीनला कापायच्या रेषा वाटतात. मजकूर मजकूर म्हणूनच ठेवलेला, वक्र (म्हणजे नुसत्या कडांची आकृती) न केलेला. ब्लॉक (एकत्र बांधलेल्या रेषांचे गट) न फोडलेले. काही रेषा झेड दिशेत उचललेल्या, वरून एकमेकींना चिकटलेल्या दिसतात आणि प्रत्यक्षात टोकं भेटतच नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रेषेवर रेषा.

जुना_टूलरूमवाला

रेषेवर रेषा हा विषय निघाला म्हणून लिहितो. मी निवृत्त आहे, आयुष्य टूलरूममध्ये गेलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे एचपीचा ७४७५ए हा पेन प्लॉटर आला. सहा पेनं असायची, मशीन स्वतः जाऊन पेन उचलायचं, रेष ओढायचं, परत ठेवून दुसरं घ्यायचं. पहिल्या दिवशी सगळं डिपार्टमेंट भोवती उभं होतं.

त्या मशीनवर दुहेरी रेष लगेच कळायची. पेन एकाच जागेवरून दोनदा गेलं की शाई ओली होऊन रेष जाड पडायची, पातळ कागद असला तर फाटायचा. आम्ही कागद बघून म्हणायचो, इथे ड्राफ्ट्समनने दोनदा रेष काढली आहे. आज तीच दुहेरी रेष स्क्रीनवर एकच दिसते आणि लेसर तिथून दोनदा जातो. ॲक्रिलिक असेल तर कड वितळते, एमडीएफ असेल तर काळी पडते. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल नावाची आज्ञा आहे, ती एकावर एक पडलेल्या रेषा काढून टाकते. नंतर पीएडिटने तुकडे जोडून बंद पॉलीलाइन करावी. या दोन गोष्टी केल्याशिवाय माझ्या हाताखालून फाईल बाहेर जात नसे.

मोजपट्टी

काका, फार छान लिहिलंत. पेन उचलून ठेवायच्या त्या आज्ञा आजही जिवंत आहेत. पीयू म्हणजे पेन वर, पीडी म्हणजे पेन खाली. आजचा रेडियम कापणारा प्लॉटरही तीच भाषा बोलतो, फक्त पेनच्या जागी पातं आलंय.

पंचवटीकर

अगदी बरोबर. आमचं रेडियम आणि पाट्यांचं दुकान आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी आतापासूनच पाट्यांची चौकशी सुरू झाली आहे, म्हणून हा धागा मन लावून वाचतोय.

आमच्याकडे पीएलटी फाईल चालते, आत एचपीजीएल, म्हणजे तीच पेन वर, पेन खाली वाली भाषा. त्यातलं एक एकक म्हणजे ०.०२५ मिमी, मिलिमीटरला ४०, इंचाला १०१६. कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमधून पीएलटी काढताना प्लॉटर युनिट्सचा रकाना असतो, तिथे १०१६ च हवेत. मी नवीन होतो तेव्हा कोणीतरी त्यात १००० करून ठेवले होते. दीड टक्क्याचा फरक. छोट्या स्टिकरवर कळला नाही, पण दुकानाच्या दहा फुटी पाटीवर दोन इंचांचा झाला आणि मजकूर तेवढा आखूड पडला.

दुसरं म्हणजे पात्याचं टोक मध्यावर नसतं, साधारण पाव मिमी मागे घसटत येतं. सॉफ्टवेअरमध्ये तो ऑफसेट ०.२५ टाकला नाही तर प्रत्येक कोपरा गोल होतो आणि वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत. नवीन मुलं फाईलमध्ये चूक शोधत बसतात, चूक पात्याच्या सेटिंगमध्ये असते.

आणि @अंबडचा_पॅनेलवाला, तुमच्या अक्षरांबद्दल कोणीच विचारलं नाही. शिरोरेषा कशी आली?

अंबडचा_पॅनेलवाला

बरं झालं विचारलंत. मापाच्या नादात लिहायचं राहिलं. शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर एक उभी बारीक रेघ आली आहे. 'चालू' मध्ये चा आणि लू यांच्या मध्ये चक्क भिंत दिसते. 'ट्रिप' मध्ये वेलांटीची कमान जिथे टेकते तिथे छोटा त्रिकोण कोरायचा राहून गेलाय, पांढरा ठिपका दिसतो.

पंचवटीकर

हे होणारच होतं. इंग्रजी अक्षरं एकमेकांपासून सुटी असतात, म्हणून त्यांना हा त्रास नाही. आपल्या लिपीत प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या तुकड्यावर थोडं चढतं. छापताना काळ्यावर काळं पडतं, काही दिसत नाही. पण मजकुराचे वक्र केले की मशीनला दोन वेगळ्या बंद आकृत्या दिसतात, आणि ती दोघींच्या कडा इमानदारीने कापते. भरीव कोरताना आणखी वेगळं होतं, दोन आकृत्या जिथे एकमेकींवर येतात तो भाग पोकळ समजून सोडला जातो. तुमचा पांढरा ठिपका त्यातलाच.

कोरलमध्ये मजकूर निवडून कंट्रोल-क्यूने वक्र करा, मग वेल्ड मारा. इंकस्केपमध्ये पाथच्या मेनूत युनियन आहे, तेच काम करतं. एक शब्द म्हणजे एक अखंड आकृती झाली पाहिजे, आत फक्त अक्षरांची पोटं. मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात, मोठं करून बघा. शिरोरेषेत एकही उभी रेघ दिसता कामा नये. रफार, वेलांटी, उकार जिथे टेकतात ती जागा हमखास बघा. 'श्री' असेल तर दोनदा बघा.

आणि वेल्ड करायच्या आधी मूळ मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा. वेल्डनंतर ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करता येत नाही. मी एका लग्नाच्या कमानीवर 'शुभविवाह' चा वेल्ड उलगडत रात्र काढली आहे.

सई_त्र्यंबकरोड

पंचवटीकर, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. गंगापूर रोडच्या एका बंगल्याची नावाची पाटी अशीच बिघडून आली होती. आम्ही फॉन्टला दोष दिला आणि फॉन्ट बदलत बसलो. खूप धन्यवाद.

शिकाऊ_२३

मला पुन्हा कापायच्या आधी ट्रायल घ्यायचा असेल तर सनबोर्डवर घेऊ का? कॉलेजच्या लॅबमध्ये लेसर आहे आणि सनबोर्डचे तुकडे पडलेले असतात.

सिन्नरचा_लेसरवाला

नाही! अजिबात नाही. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, रेडियमही पीव्हीसी. लेसरने पीव्हीसी जाळला की त्यातलं क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन बाहेर पडतं. ओलावा मिळाला की त्याचं आम्ल होतं. मशीनच्या रेल गंजतात, लेन्स जाते, आणि तो वायू तुझ्या छातीत जातो. सनबोर्ड राउटरवर किंवा पात्याने कापायचा, रेडियम प्लॉटरवर. ट्रायलसाठी पुठ्ठा घे, नाहीतर एमडीएफचा तुकडा. आणि तुकडा कशाचा आहे ते माहीत नसेल तर तो लेसरमध्ये घालूच नकोस. लॅबच्या सरांनाही सांग.

शिकाऊ_२३

धन्यवाद दादा. सरांना आजच दाखवतो. ते तुकडे बाजूला काढून ठेवायला सांगतो.

मखरवाली_सिडको

मी दरवर्षी गणपतीसाठी एमडीएफची मखरं करते. २०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून हे काम वाढलं. मखर खाचांनी जोडायचं असतं, खिळा नाही. पहिल्या वर्षी मी ३ मिमी एमडीएफसाठी ३ मिमीच्या खाचा काढल्या आणि सगळं मखर डुगडुगलं. लाकूड मोजलं तर २.७ मिमी निघालं, वर किरणाने ०.२ खाल्ले. आता आधी व्हर्निअरने लाकूड मोजते, मग खाच काढते. माझी खाच ड्रॉइंगमध्ये २.५ असते आणि मखर हातात उचलून हलवलं तरी सुटत नाही. हे काम करणाऱ्या दुसऱ्या कोणी ताई असतील तर नक्की लिहा.

रेषाबंध

सगळे तांत्रिक बोलले, पण मूळ धाग्यात एक प्रश्न मला दिसतो जो कोणी घेतला नाही. पैसे कोणी द्यायचे? माझं स्पष्ट मत, जॉबवर्कवाल्याने. रोज फाईली बघणाऱ्याला २८१.२५ असा प्लेटचा आकडा स्क्रीनवर दिसला तेव्हा शंका यायला हवी होती. असं तुटक माप कोण काढतं?

सिन्नरचा_लेसरवाला

@रेषाबंध, मी याला कडाडून विरोध करतो. माझ्याकडे दिवसाला वीस-पंचवीस फाईली येतात. त्यात इंचातली ड्रॉइंग असतात, मोजून काढलेली जुन्या मशीनची झाकणं असतात. २८१.२५ हे माप मला खटकणार नाही. गिऱ्हाईकाने प्लेटचं बाहेरचं माप कागदावर लिहून दिलं असतं तर कारागिराने तुलना केली असती. इथे नुसता पेनड्राइव्ह दिला होता.

रेषाबंध

मान्य, कागद हवा होता. पण ४० प्लेट एकदम का कापल्या? पहिली कापून गिऱ्हाईकाला दाखवायची पद्धत आपल्या प्रत्येक मशीन शॉपमध्ये आहे. टर्नरसुद्धा पहिला पीस मोजून घेतल्याशिवाय दुसरा लावत नाही. लेसरवर जॉब पाच मिनिटांत होतो म्हणून ही पद्धत सुटली, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

सिन्नरचा_लेसरवाला

यात मात्र तुमचं बरोबर आहे. पहिला पीस आम्हीही गर्दीत सोडून देतो. सोडायला नको.

जुना_टूलरूमवाला

मी दोन्ही बाजूंनी काम केलं आहे, म्हणून सुचवतो. फाईलमध्येच, प्लेटच्या बाहेर, १०० मिमीचा एक चौकोन वेगळ्या लेयरवर काढावा. लेयरला नावच द्यावं 'तपासणी'. फाईल उघडल्यावर ऑपरेटरने आधी तो मोजावा. १०० आला तर पुढे जावं. ९३.७५ आला, ७५ आला, २५४० आला, काहीही आलं तरी फोन उचलावा. हा चौकोन कापायचा नाही, फक्त मोजायचा. इंच असो, ९० असो, कागदात बसवणं असो, सगळे घोळ इथे पकडले जातात.

सई_त्र्यंबकरोड

+१. आमच्या कोपऱ्यातल्या मोजपट्टीचं हेच काम.

शिकाऊ_२३

एक शेवटची शंका. सिन्नरच्या दादांनी स्प्लाइन नको म्हटलं. पण माझ्या प्रोजेक्टमध्ये पंख्याचं पातं आहे, वक्र तर हवाच. तो आर१२ मध्ये कसा जाईल?

मोजपट्टी

तुकडे करून जातो, प्रश्न किती तुकडे हा आहे. उदाहरणार्थ ५० मिमी त्रिज्येचं वर्तुळ ३६ सरळ तुकड्यांत मोडलं तर खऱ्या कडेपासून जास्तीत जास्त ०.१९ मिमीचा फरक पडतो, आणि कडेवर बोट फिरवलं की पैलू लागतात. ७२ तुकडे केले तर तो ०.०५ च्या खाली येतो. पण म्हणून हजार तुकडे करू नकोस, जुना कंट्रोलर प्रत्येक टोकाला थबकतो आणि तिथे पत्रा जळतो. त्यापेक्षा ऑटोकॅडमध्ये प्लाइनकन्व्हर्टमोड १ कर, मग स्प्लाइनची पॉलीलाइन होताना सरळ तुकड्यांऐवजी कंस मिळतात. कंस मोजके लागतात आणि मशीन त्यांवरून सलग जातं. खरं वर्तुळ असेल तिथे मात्र वर्तुळच ठेव, त्याचा स्प्लाइन होऊ देऊ नकोस.

अंबडचा_पॅनेलवाला

मंडळी, काल सातपूरला जाऊन आलो, म्हणून उशिरा लिहितोय.

हा सगळा धागा मोबाइलवर लेसरवाल्याला वाचून दाखवला. ९० आणि ९६ चा हिशोब त्याने स्वतः कॅल्क्युलेटरवर केला आणि दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, शीट तुम्ही आणा, कटिंगचे पैसे मी घेत नाही. मीही त्यावर वाद घातला नाही.

नव्या इंकस्केपमध्ये फाईल पुन्हा केली, एकक मिमी. शब्द वेल्ड केले. काकांनी सांगितलेला १०० चा चौकोन 'तपासणी' लेयरवर टाकला. बाहेरचं माप, चौकोनाचं माप आणि केंद्रांतर असलेली पीडीएफ छापून बरोबर नेली. त्याने फाईल उघडून आधी चौकोन मोजला, १००.

नवीन शीट लावायच्या आधी पहिल्या वेळची उरलेली पट्टी काढली आणि तिच्यात एकच प्लेट कापली. मशीनजवळ उभं राहूनच मोजली. मीटरचा चौकोन ९२.२. या मीटरला ९२ ते ९२.८ चालतं, त्यामुळे कर्फसाठी वेगळं काही करावं लागलं नाही. केंद्रांतर ६०. मीटर खिशात घेऊन गेलो होतो. आत ढकलला, टक् करून बसला. मग मी पेनने प्लेटच्या मागे सही केली आणि त्याने बाकीच्या लावल्या.

@द्राक्षबाग_निफाड, तुमचे दोन पॅनेल पुढच्या आठवड्यात.

पंचवटीकर

'ट्रिप' ची वेलांटी बघितली का?

अंबडचा_पॅनेलवाला

भिंग लावून बघितली. कुठेही सांधा नाही, शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहे.